सुध्या, तुझी चौथी सीट

सुध्या, परवा स्मितावहिनींचा फोन आला होता. तेरावं नीट पार पडलं म्हणाल्या. कोण आलं, कोण आलं नाही, मुलगी कॉलेजात परत गेली, सगळं सांगून झालं. मग म्हणाल्या, "इकबालभावजी, एक खरं सांगाल? त्यांना आधीपासून दुखत होतं का हो? तुम्ही दर आठवड्याला बघत होतात त्यांना. तुम्हाला काही कळलं नव्हतं?"

मी म्हटलं, "वहिनी, दुकानात गिऱ्हाईक आहे. शुक्रवारी निवांत बोलतो." गिऱ्हाईक कसलं, काळं कुत्रं नव्हतं दुकानात.

आज शुक्रवार. जुम्याची नमाज पढून आलो, शटर अर्धं खाली ओढलं आणि तुझ्या मोटरसायकलसमोर स्टूल टाकून बसलोय. ती अजून इथेच उभी आहे, बोडकी. तिची सीट माझ्या टेबलावर आहे, कव्हर काढून ठेवलेली. वहिनींना काय सांगायचं ते आधी तुला सांगून बघतो. तुला आता कुठे ड्यूटीवर जायचंय!

आणि तू गेलास म्हणून मी गोड बोलेन अशी आशा ठेवू नकोस. गेली अकरा वर्षं आपण एकमेकांशी कधी गोड बोललो नाही. तू खेडचा, मी हर्णैचा. भेटलो ते सौदीत, दम्मामच्या सनाईयात, गॅरेजांच्या या वस्तीत. कंपनीच्या पिकअपची फाटलेली सीट घेऊन आलास आणि माझं काम बघून पहिलं वाक्य काय बोललास? "हे शिवलंय की रफू केलंय?" मी म्हटलं, "मेल्या, बसायला दिलंय, बघायला नाही." तिथून दोस्ती जुळली. तेव्हापासून 'मेल्या' हेच तुझं नाव. आता ते तोंडातून निघता निघता अडतं, आणि त्याचाही मला तुझाच राग येतो.

सतरा वर्षं तू कंपनीच्या बसनं कँपातून साइटवर आणि साइटवरून कँपात गेलास. तिसरी रांग, खिडकीची सीट. पायपिंगचा फोरमन झालास तरी तीच रांग. आणि मग वयाच्या एकावन्नाव्या वर्षी तुला मोटरसायकलचं खूळ लागलं. धाहरानकडच्या कंपाऊंडमधला कोणी अमेरिकन इंजिनियर कायमचा घरी चालला होता, त्याची अठरा वर्षांची जर्मन गाडी तू घेतलीस. दोन्ही बाजूंना पेट्या, पुढे मोठी काच, लांबच्या प्रवासाची गाडी. इथे माझ्या दारात आणून उभी केलीस आणि छाती काढून म्हणालास, "कशी आहे?"

मी म्हटलं, "उंट चांगला आहे. खोगीर गेलंय."

खरंच गेलं होतं. इथल्या उन्हानं ती सीट खारवलेल्या बांगड्यासारखी वाळली होती. वरचं रेक्झिन तडकलेलं, आतल्या फोमचा भुगा. तू म्हणालास नवीन सीट बघायची, आरामात ताइफपर्यंत जाता आलं पाहिजे. गुलाबांच्या दिवसांत ताइफला जायचं तुझं ठरलेलं होतं. इथून तिथे म्हणजे अख्खं वाळवंट आडवं कापायचं.

आणि मग चार महिने तू माझं डोकं खाल्लंस. फोनवर रोज नवीन सीटचा फोटो. ही अमेरिकेची, सोफ्यासारखी रुंद. ही जेलवाली. हिच्यात हवा भरायची. ही मेमरी फोमची. लोकांनी काय काय लिहिलंय ते मला वाचून दाखवायचास, की अमक्यानं हजार किलोमीटर केले आणि उतरून नाचला. मी म्हणायचो, "अरे, त्या सगळ्या दुसऱ्याच्या बुडाच्या मापाच्या. दुसऱ्याच्या मापाची चड्डी घालशील का?" तू म्हणायचास, "तू तुझा धंदा बघतोयस." मी म्हणायचो, "तू बुडाचं बघ." आता आठवलं की जीभ झडावीशी वाटते.

सीट निवडताना सगळे एकच चूक करतात. अंगठ्यानं दाबून बघतात. मऊ लागली की खूश. मी प्रत्येकाला सांगतो, बाबा, तू अंगठ्यावर बसणार आहेस का? मऊ सीट पहिली दहा मिनिटं आईच्या मांडीसारखी वाटते, आणि तासाभरात माणूस तळाला जाऊन टेकतो. चांगली सीट आधी जरा कडकच लागते. तुला हे दहादा सांगितलं, तरी तू अंगठा दाबूनच मऊ फोम निवडलास. ती पहिली सीट, तुझ्या हट्टापायी मी शिवलेली. हाफमून बीचपर्यंत जाऊन आलास आणि म्हणालास, दुखतं.

मी म्हटलं, दुखणारच, अक्कल गहाण ठेवून निवडलीस ना.

दुसरी मी केली, माझ्या मनासारखी. घट्ट फोम, रुंद बैठक, पुढे निमुळती, पाय जमिनीला टेकतील अशी. शंभरात एखादी जमते तशी जमली होती. तू अल-हसापर्यंत गेलास, आलास, म्हणालास, दुखतं. कुठे दुखतं विचारलं तर हात मागे नेऊन नुसता फिरवलास. "इथे खाली. आत कुठेतरी." मी म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं." दुकानात तेव्हा दोन पाकिस्तानी मेकॅनिक चहा पीत होते, त्यांना हिंदीत समजावून सांगितलं, ते पण हसले. तूही हसलास. उभ्यानं हसलास. चहाही उभ्यानंच प्यायलास.

तिसरी सीट म्हणजे दुसरीच, वरून मेंढीचं कातडं. आदल्या बकरी ईदच्या माझ्या कुर्बानीच्या मेंढ्याचं कातडं मी खास तुझ्यासाठी कमावून आणलं होतं. उन्हात तापत नाही, घाम धरत नाही, अरब लोक उगाच वापरत नाहीत. तू महिनाभर काही बोलला नाहीस. मला वाटलं, चला, सुटलो. मग रमजानमध्ये इफ्तारीला तू आमच्या खोलीवर आलास. खाली जेवणाचा सुफ्रा अंथरून आपण आठजण बसलेलो, आणि तू सारखा चुळबुळ करत होतास. एकदा डाव्या कुल्ल्यावर, मग पाय पसरून, मग गुडघ्यांवर. मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "अरे, हिला उशी द्या रे कोणीतरी, ओली बाळंतीण आहे." खोली हसली. तू खजूर तोंडात टाकलास आणि म्हणालास, "इक्या, तुझ्या सीटनी केलीय ही हालत."

बघ, हे तूच बोललास. तुझ्या सीटनी. मला पुढचं मागचं काही सुचलं नाही. मला एवढंच लागलं की माझ्या हाताच्या कामाला नाव ठेवलं. तीस वर्षं सुई चालवतोय मी. ट्रकवाले, शेख लोकांचे ड्रायव्हर, सगळे येतात, कोणी परत येऊन दुखतं म्हणालं नाही. एक तू.

म्हणून मी ती पैज लावली. आपली खरी मोठी भांडणं अशी झालीच नव्हती, ते एकच झालं आणि तेही अर्धंच राहिलं. मी म्हटलं, "चौथी आणि शेवटची. ही करतो. आणि या सीटवरही दुखलं तर दोष सीटचा नाही, तुझ्या ढुंगणाचा. मग कान धरून हॉस्पिटलात नेईन."

तू विचारलंस, "आणि नाही दुखलं तर?"

"तर तोंड बंद ठेवायचं."

तू हात पुढे केलास. किती चटकन पुढे केलास! मला तेव्हाच शंका यायला हवी होती. घासाघीस केल्याशिवाय तू कधी कोणाशी हात मिळवला होतास?

माप घ्यायची माझी एक रीत आहे. खोक्याचा नालीदार पुठ्ठा स्टुलावर ठेवायचा आणि माणसाला त्यावर बसवायचं. पाच मिनिटं. बसण्याच्या दोन हाडांचे दोन खड्डे उमटतात, त्यावरून मग फोम कुठे कडक, कुठे कोरायचा ते कळतं. तुला बसवलं. पाच मिनिटं काय, दोनही नीट बसला नाहीस. एसी चालू होता आणि तुझ्या कपाळावर घाम होता. विचारलं तर म्हणालास, "बाहेरून आलोय ना." बाहेरून येऊन तुला अर्धा तास झाला होता.

पुठ्ठा उचलला. डावा खड्डा खोल, आरपार जाईल असा. उजवा जवळजवळ नाहीच. अशी मापं मी शेकड्यांनी घेतलीत, असं माप कधी बघितलं नव्हतं. आणि मी काय केलं असेल? पुठ्ठा उजेडाला धरला आणि म्हटलं, "उजवं कुल्लं खेडला विसरून आलास काय रे?"

मग मी ती सीट केली. जीव ओतून केली. तुझ्या त्या वाकड्या मापाबरहुकूम उजवीकडून फोम हळूहळू घासत नेला, मागे माकडहाडाच्या जागी चार बोटं रुंद खाच ठेवली, म्हणजे तिथे काही टेकणारच नाही. तुझं दुखणं नेमकं जिथे होतं तिथे, मेल्या, मी स्वतःच्या हातानं पेननं गोल काढला होता. तो गोल अजून फोमवर आहे. डॉक्टरांना जे मशीननं सापडलं ते मला पुठ्ठ्यानं सापडलं होतं. त्यांनी त्याला गाठ म्हटलं, मी डिझाइन म्हटलं.

ताइफला तू अबू फहदबरोबर गेलास. खमीस मुशैतचा तो म्हातारा, फौजेतला निवृत्त मेकॅनिक, मुलाकडे दम्मामला आला की तुझ्याबरोबर स्वतःची मोटरसायकल फिरवायचा. जाऊन येऊन अडीच हजार किलोमीटर. परत आलास तो थेट दुकानात. तोंड काळवंडलेलं, ओठ फुटलेले. मी सुई खाली ठेवली आणि नुसतं बघितलं तुझ्याकडे. तू म्हणालास, "लोणी, इक्या. लोणी आहे सीट. कळलंच नाही ताइफ कधी आलं."

मी म्हटलं, "परत बोल."

"लोणी."

खिशातून गुलाबपाण्याची बाटली काढून दिलीस. मी त्या दिवशी सगळ्या गल्लीला चहा पाजला. दोन्ही मेकॅनिकना बोलावून तुझ्या तोंडून परत एकदा वदवून घेतलं. तू उभा राहून तिसऱ्यांदा लोणी म्हणालास.

दोन महिन्यांनी सीट दुरुस्तीला आणलीस. पुढच्या निमुळत्या भागाची शिलाई दोन्ही बाजूंनी उसवली होती. मी दोऱ्याला शिव्या दिल्या, चिनी दोरा, दुसरं काय. कव्हर उतरवलं तर आतला फोम कालच कापल्यासारखा. सुध्या, कुठलीही सीट हजार किलोमीटरमध्ये आपल्या माणसाचा ठसा घेते. दोन हलके खळगे पडतातच, कितीही चांगला फोम घाला. माझ्या जुन्या गिऱ्हाइकांची सीट मी कव्हर काढून, नाव न विचारता ओळखतो. आणि तुझ्या सीटवर अडीच हजार किलोमीटरनंतर काही म्हणजे काही नव्हतं.

मला काय वाटलं असेल सांग. मला वाटलं, काय फोम निवडलाय मी!

सगळ्यांना बोलावून दाखवलं. "बघा, इसको बोलते हैं काम. ताइफ होके आया, एक सूत नहीं दबा." आपलाच तो बाब्या. तू भिंतीला टेकून उभा होतास, तुझ्याकडे बघून मी डोळा मारला. तूही मान हलवलीस. तुला माहीत होतं तो का दबला नाही. पाचजणांत मला कौतुक करून घेताना बघत होतास आणि गप्प होतास.

पुढचं लवकर उरकलं. साइटवर पाइपच्या रॅकपाशी तुझे पाय गेले, उचलून नेलं. मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा तू कुशीवर होतास आणि इजिप्शियन डॉक्टर मला तुझा भाऊ समजून सांगत होता. माकडहाडाच्या आत गाठ, जुनी, आता वर सरकलेली. किती दिवसांपासून दुखत होतं, त्यानं विचारलं. मी तुझ्याकडे बघितलं, तू भिंतीकडे. डॉक्टर म्हणाला, आठ-दहा महिने आधी आणलं असतं तर करण्यासारखं पुष्कळ होतं. आठ-दहा महिने म्हणजे मेंढीच्या कातड्याच्या आधी. मी मनातल्या मनात हे असं, सीटवरून मोजलं.

तुझ्यावर मी तिथे ओरडलो ते नर्सनं ऐकलं, बाहेर काढलं मला. काय चुकीचं बोललो? आपल्या कँपांची रीत मला माहीत नाही का? कॉन्ट्रॅक्ट वाढायचं असलं की त्या वर्षी कोणी आजारी पडत नाही. गोळ्या शेंगदाण्यासारख्या खायच्या, दुखणं अंगावर काढायचं, कारण अनफिट ठरलं की फायनल एक्झिट, कायमची घरवापसी, खलास. सगळे करतात. पण सगळ्यांना निदान घरची ओढ तरी असते. तुला कसली भीती होती? मी विचारलं तेव्हा हसून म्हणालास, "घरी जाऊन ओटीवर बसून काय करू, इक्या? बसताच येत नाही मला."

ते ऐकून मी हसलो. 

शेवटच्या आठवड्यात एकदा तू शुद्धीवर होतास. माझा हात धरलास. मला वाटलं, आता काहीतरी बोलशील, वहिनींबद्दल, मुलीबद्दल. तर म्हणालास, "सीट मात्र मस्त झाली होती हां." आणि सुध्या, मला बरं वाटलं. तुझ्या नाकात नळी होती आणि मला माझ्या कामाची तारीफ ऐकून बरं वाटलं. असला माणूस आहे मी. वहिनींना हे सांगू?

मग कागद. सही याची, शिक्का त्याचा, कंपनीचं पत्र, एम्बसीचं पत्र. नऊ दिवस तू त्या थंड कपाटात पाठीवर पडून होतास. जो माणूस दोन मिनिटं एका जागी टेकत नव्हता तो नऊ दिवस हलला नाही, हे मी तिथल्या माणसाला हिंदीत सांगायला गेलो आणि मधेच रडलो. पेटी कार्गोत गेली. मी बाहेर गाडीत बसून राहिलो.

तू गेल्याचं ऐकून अबू फहद खमीसहून आला. इथेच या स्टुलावर बसला, कॉफी प्यायला, देवाची मर्जी वगैरे बोलला. मग तुझ्या गाडीवरून हात फिरवत मला म्हणाला, "तुम्हारा सदीक, तुम्हारा दोस्त, बहुत मजबूत था. ताइफ तक पूरा रास्ता खड़ा."

मी म्हटलं, "खड़ा मतलब?"

तो उठला, गाडीच्या फूटरेस्टवर एक पाय ठेवून त्यानं दाखवलं. उभा. गुडघ्यांनी सीटचं पुढचं टोक आवळून धरलेलं, ढुंगण हवेत. त्यानं विचारलं होतं तुला, बसत का नाहीस. तू सांगितलंस, नवीन सीट आहे, दोस्तानं केलीय, खराब होईल.

या अल्ला. अडीच हजार किलोमीटर.

तो गेल्यावर मी सीट काढली, कव्हर फाडलं. फोम अजून तसाच, पेनचा गोल तसाच. पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंनी घासल्याच्या खुणा, तुझ्या गुडघ्यांच्या. शिलाई तिथे का उसवली ते कळलं. चिनी दोऱ्याला उगाच शिव्या दिल्या. जे सगळं मला दोन महिन्यांपूर्वी दिसलं होतं, तेच आता दिसत होतं, एक टाका कमी नाही की जास्त नाही. तीस वर्षांत मी एकच सीट वाचायला चुकलो.

आता सांग, तू खोटं का बोललास? डॉक्टरकडे जायचं नव्हतं म्हणून, की माझं मन राखायला? पहिलं असेल तर तू भित्रा. दुसरं असेल तर तुझ्याइतका गाढव मी बघितला नाही. जीव देऊन कोणी कोणाचं मन राखतं का? दुखतं म्हणाला असतास तर मी चार शिव्या घातल्या असत्या, कान धरला असता आणि नेलं असतं. पैज होती ती. फायनल एक्झिट तर फायनल एक्झिट. खेडच्या ओटीवर कुशीवर का होईना पडून मला फोनवर शिव्या देत असतास. उत्तर तुला माहीत आहे, आणि ते तू बरोबर घेऊन गेलास. माझं माप काढून गेलास तू, पुठ्ठ्याशिवाय.

आणि तुला एवढं खोटं बोलता आलं कारण मला ते ऐकायचं होतं. हे कबूल करतो. पण तुझ्यापाशी करून काय उपयोग? विचारलं वहिनींनी आहे.

लावला फोन. पहिल्याच रिंगला उचलला त्यांनी. वाटच बघत होत्या.

मी म्हटलं, "वहिनी, दुखत होतं त्याला. वर्षभर तरी. मला दिसलं होतं." आणि मग थांबलोच नाही. पुठ्ठा सांगितला, गोल सांगितला, इफ्तारीला बाळंतीण म्हटलं तेही सांगितलं, न दबलेला फोम सांगितला आणि मी गल्लीभर मिरवलो ते सांगितलं.  मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

त्या म्हणाल्या, "मला सांगितलं होतं त्यांनी, भावजी. खाली कळ येते म्हणून. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवा. तर म्हणाले, सीटमुळे आहे गं, इक्या नवीन करून देतोय. मग मी म्हटलं, भावजी करतायत ना, मग होईल ठीक." नाक ओढलं त्यांनी. "नंतर मी दर फोनला विचारायचे. सीट कशी आहे? रोज तेच. सीट कशी आहे? तुम्ही कसे आहात, असं वर्षभरात विचारलंच नाही मी."

मी टेबलावरची सीट पुढ्यात ओढली.

"झाली होती का हो चांगली?" त्यांनी विचारलं.

"हो वहिनी. चांगली झाली होती."

"बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आता सांगतो ते शेवटचं. खरं म्हणजे मला ठाऊकच नव्हतं ती चांगली झाली होती का. तू कधी बसला नाहीस, मी बसायचा प्रश्न नव्हता. म्हणून मघाशी सीट उचलली, तशीच, कव्हर न घालता गाडीवर बसवली. तुझ्या मापाची होती, मला वाकडी लागणार असं धरून चाललो होतो. टांग टाकून बसलो. फोम हळूच खाली गेला आणि जिथे थांबायला हवा तिथे थांबला. मागची खाच बरोबर जागेवर आली. अर्धवट शटरखालून ऊन सरकत सरकत चाकापर्यंत आलं, असरची, तिसऱ्या प्रहरची अजान झाली, तरी मी बसूनच होतो, हँडल धरून, गाडी स्टँडवर.

कुठे काही दुखलं नाही रे, सुध्या. कुठेच नाही.